तळाचा नट

"वहिनी, परत तेल गळतंय ना? विकून टाका ही मोटारसायकल. दादाच राहिला नाही, आता चालवणार कोण?" दीर गिऱ्हाईक सोबत घेऊनच आला होता.

ओढणी कमरेला खोचलेली ती गाडीशेजारून उठली. गॅस्केट बदललं, सील नवं टाकलं, तरी इंजिनच्या तळाचा नट दर चार दिवसांनी सैल व्हायचाच. आज तिनं तो पुन्हा आवळला होता, नवं ऑइलही भरलं होतं. तिनं किक मारली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"मी चालवणार," ती म्हणाली, आणि रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं तिनं दिराच्या हातात कोंबलं.

"नखं पुसा, भाऊजी. काल त्या नटाला मी लाल ऑइलपेंट फासून ठेवला होता."