वर्गातलं मैदान

"उत्तरा, कुठे आहेस?"

"खांबाजवळ, सर."

"झोपली नाहीस ना गं?"

"छे, सर."

खरं तर ती पेंगतच होती. पहाटे नळावर रांग, मग धुणं, मग शाळा. डोळे मिटले की अंग आपोआप सैल पडायचं.

मुलुंडच्या त्या शाळेचं मैदान फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या तंबूंनी भरलं, तेव्हापासून मुलींच्या खो-खोचा सराव आठवीच्या वर्गातच व्हायचा. मार्तंड सर शिट्टी फुंकायचे. शिट्टी वाजली रे वाजली की नऊ जणींनी मनातल्या मनात अख्खा डाव खेळायचा. सरही डोळे मिटून बाकांमधून येरझाऱ्या घालायचे आणि मध्येच "शाब्बास!" म्हणायचे. कुणाला, ते कळायचं नाही.

"एकदा तरी खरं धावू या ना, सर," माणिक कुरकुरली.

"कुठे? माझ्या डोक्यावर?" सरांचा आवाजही दमलेला होता. "घाटकोपरचा सामना हरलो तर मुलींचा खो-खो बंद, हेडमास्तरांनी सांगितलंय. त्या तासाला शिवणकाम."

शिवणकाम! भावांच्या चड्ड्यांना बटणं लावून लावून उत्तराच्या बोटांची आधीच चाळणी झाली होती. तिने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

सामन्याच्या दिवशी घाटकोपरचं मैदान नुसतं तापलं होतं. पाठलागाची पहिली पाळी मुलुंडची. आठ जणी ओळीत बसल्या. उत्तरा खांबापाशी उभी राहिली, पाय शिशासारखे जड. समोर तीन उंचनिंच पोरी. रेषेबाहेरून सरांनी मान हलवली.

पंचांनी शिट्टी फुंकली.

आणि सगळा शीण कुठल्या कुठे पळाला! उत्तराने माणिकला खो दिला, माणिकने जयंतीला, जयंतीने पहिलीला टिपलं. खो पुन्हा उत्तराकडे. दुसरीने झकास हुलकावणी दिली, पण उत्तराला ती आधीच ठाऊक होती. बाद! तिसरी खांबाला वळसा घालतेय तोच पाठीवर थाप. बाद! लोकांचा एकच गलका उठला.

पण गलका तरी कसला? लोक हसत होते.

उत्तराने डोळे उघडले. ती खांबापाशीच उभी होती. आठ जणी डोळे मिटून ओळीत बसल्या होत्या. त्या तीन पोरी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आणि रेषेबाहेर मार्तंड सर मिटल्या डोळ्यांनी म्हणत होते, "शाब्बास!"