सही करणाऱ्याचे पाय

"थांबा! पाय टाकू नका आत!" काकूंनी काकांचा शर्ट मागून धरला आणि लिफ्टचं दार तोंडावर बंद झालं.

काका महिनाभर पाचव्या मजल्यावर अडकून होते. हार्टचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जिना साफ बंद केलेला, आणि ते घरी आल्याच्या आठवड्यातच लिफ्ट बिघडलेली. आज दवाखान्यात दाखवायचा दिवस, आणि नशिबाने आजच लिफ्ट पास झाली होती.

इन्स्पेक्टर सकाळपासून तपासत होते. दोर पाहिले, ब्रेक पाहिले, वाळूची पोती भरून लिफ्ट वर-खाली पळवली. मग सहीचा कागद आत चिकटवून म्हणाले, "बिनधास्त वापरा."

"आता काय झालं?" काका वैतागले.

"तो बघा." काकूंनी आवाज खाली आणला. "सही करणारा स्वतः जिन्यानं चाललाय!"

खरंच. ते जाडजूड गृहस्थ गच्चीवरून येऊन कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

"अगं, त्यानंच तपासलीय ना?"

"तेच म्हणते मी! आतलं त्यालाच ठाऊक. सही काय, कुणीही ठोकतं. बोलतो काय ते सोडा, करतो काय ते बघा." काकूंचा कुणावरच भरवसा नसायचा. दूधवाल्याच्या मापावर नाही, घरातल्या घड्याळावरही नाही. "चला. उतरायचंच तर आहे. हळूहळू जाऊ."

तिसऱ्या मजल्यावर काकांचे ओठ पांढरे पडले. ते मटकन पायरीवर बसले.

"अहो! अहो, बोला की काहीतरी!"

चार पायऱ्या खाली इन्स्पेक्टर घाम पुसत टेकले होते. ते धडपडत वर आले. त्यांनी काकांची कॉलर सैल केली, लिफ्टचं बटण दाबलं.

"काय होतंय यांना?"

"हार्टचं ऑपरेशन झालंय हो दीड महिन्यापूर्वी..."

"आणि जिन्यानं? अहो, लिफ्ट ठणठणीत आहे!"

"मग तुम्ही का नाही गेलात तिच्यातनं?" काकू रडकुंडीला येऊन ओरडल्या.

"मला डॉक्टरांनी सांगितलंय, वजन उतरवा, जिने वापरा. यांना कुणी सांगितलं जिने उतरायला?"

लिफ्ट आली. दार उघडलं. काकूंनी काकांचा थंडगार हात घट्ट धरला होता.

"तुम्हीच," त्या इन्स्पेक्टरांकडे बघत पुटपुटल्या. "आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास ठेवला मी."