आजच्या तारखेची फाईल

बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्यातल्या सगळ्या फायलींवर त्यांच्या हयातीतल्या तारखा होत्या. एका फायलीवर मात्र आजची होती.

मुलगी सकाळपासून घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून बाबांचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत होती. खातं एकदा काढलं की आत राहिलेलं परत मिळणार नव्हतं. आईचा होकार तेवढा बाकी होता, आणि बाबा गेल्यापासून तो काही तिच्या तोंडून निघत नव्हता.

"आई, आज तू बाबांचं खातं उघडलं होतंस?"

"मी?" आई स्वयंपाकघरातून हसली. "मला धड टीव्ही लावता येत नाही, आणि खातं उघडतेय."

फाईल आवाजाची होती. मुलीने हेडफोन लावले.

आधी वेताची खुर्ची करकरली. मग आईचा दमलेला आवाज आला, "काढून टाक बाई त्यांचं खातं." लगेच, अगदी कानामागे, बाबांनी घसा खाकरला. एखादी गोष्ट पटली नाही की बाबा बोलायचे नाहीत, नुसते असेच खाकरायचे.

आई हे वाक्य आजवर कधीच बोलली नव्हती.

मुलीने हेडफोन काढले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि वेताच्या खुर्चीत टेकली. खुर्ची करकरली.

बोलू नकोस, असं सांगायला मुलीने तोंड उघडलं. पाठीमागे वळून बघायचं धाडस तिला होईना.

"काढून टाक बाई त्यांचं खातं," आई म्हणाली.