धुक्यातला तांडा

पुसदच्या सायकल क्लबसोबत निघालेली बबिता दाट धुक्यात मागे पडली आणि फाट्यावर रस्ता चुकली. डांबरी सडक नवी होती, तरी वळणावरची चिंच ओळखीची का वाटते, तिला कळेना. पुढे शेकोटीजवळ एक म्हातारी बसलेली दिसली. रस्ता विचारायला बबिता उतरली आणि जागीच थबकली. ती तिची याडी होती, तिची आई. बबिताने जातीबाहेर लग्न केल्यावर बापाने तोंड पाहणार नाही म्हटलं, तेव्हापासून ती या बंजारा तांड्यात फिरकलीच नव्हती. हेल्मेट आणि मफलरमुळे म्हातारीला ओळख पटेना. “थंडी लय हाय, हात शेकून घे, बाई. कोणाच्या घरची तू?” बबिताने हात शेकोटीकडे नेले. नवऱ्याचं नाव ओठांवर आलं, पण निघालं भलतंच. “तुझीच, याडी.” म्हातारीने सरकून जागा केली. “मंग तोंड काहून झाकून राह्यली?”