दंडाची पावती

शहागडजवळ आरटीओच्या साहेबांनी कडूबाचा उसाचा ट्रक अडवला. "ओव्हरलोड आहे."

"बिलकुल न्हाई साहेब! रोज एवढाच ऊस भरतो. कारखान्याच्या काट्यावर वजन बराबर नियमात बसतं," म्हणत कडूबाने कालची पावती त्यांच्यासमोर नाचवली.

साहेबांनी ट्रक हायवेवरच्या वजनकाट्यावर चढवायला लावला. चार टन जास्त!

"म्हंजी माझा चार टन ऊस कारखाना रोज फुकटात खाऊन राह्यला?" कडूबाने खुशीनं दंड भरला, वजनासकट शिक्क्याची पावती मागून घेतली आणि ट्रक थेट कारखान्याकडे पिटाळला.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरायच्या आत उसाचे चाळीस ट्रक समोर रांगेत उभे होते.

 

"साहेब, आम्हालाबी पकडा!"