फळ्यावरचे बाण

"मुलीचा दोष नाही, ताई. तुमचाही नाही," आरोग्यवाल्या बाई म्हणाल्या आणि खडूने फळ्यावर वर्तुळ काढलं. "ही साखळी आहे. कशामुळे काय होतं, तेवढंच आपण सगळ्यांनी मिळून शोधायचं. बोला, मुलं धावत का नाहीत?"

मुलांची वजनं वाढतायत म्हणून शाळेच्या वर्गात वस्तीची बैठक भरली होती. चहा-बिस्किटं फिरून झाली होती. ताई म्हणजे पार्किंगवाली, एरवी चारचौघांत तोंड उघडायची नाही. पण पोरगी अशीच बसून राहिली तर या वयातच साखरेचा आजार मागे लागेल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. घरात लाडाने पोरीला चिमणी म्हणत, आणि बाकात मावेना म्हणून चिमणीला आज मास्तरांच्या खुर्चीत बसवलं होतं.

"खेळायला जागाच कुठाय?" पार्किंगवाली बोलून गेली.

"शाब्बास!" बाईंनी बाण काढला. जागा का नाही? मैदानावर पार्किंग झालं. दुसरा बाण. पार्किंग का? गाड्या वाढल्या. गाड्या का? बस बंद झाली. बघता बघता फळ्यावर लोकरीचा गुंता झाला. लोकांनाही चेव चढला.

"मग आधी पार्किंगच हटवा की!" मास्तर ओरडले. टाळ्या पडल्या.

पार्किंगवालीने गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली. त्याच मैदानात ती दिवसभर गाड्या लावून घ्यायची, त्यावरच घर चालायचं. तिला काही सुधरेना. पोरीच्या भल्याचं बोलायला गेले, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला की काय? बरं, नको म्हणावं तर कुणाला? पोरीला?

"पण बाई, मग माझं काम..."

"हो हो, तेही लिहू," म्हणत बाई फळ्यावर जागा शोधू लागल्या. जागा उरली नव्हती. "आधी पार्किंग हटवायला हात वर करा बघू. ताई, सुरुवात तर तुम्हीच केलीत!"

भराभर हात वर झाले. तिचाही उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. इकडे आड, तिकडे विहीर. सगळे तिच्याकडे बघत होते.

चिमणीने तिची बाही ओढली.

"आई, राहू दे ते मैदान," ती हळूच म्हणाली. "मीच कमी खाईन."

आणि हातातलं अर्धं बिस्कीट तिने बशीत परत ठेवलं.