तेलाची पारख

सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरसमोर शैलजाबाई दिघ्यांनी दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. दहा महिन्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं आणि काल या बेलसऱ्यांनी वॉरंटी साफ नाकारली होती. ऑइल बाहेरच्या मिस्त्रीकडून बदललं, एवढाच गुन्हा. ते पुस्तकात छापलेल्या ग्रेडचंच होतं, पक्कं बिलही होतं; पण "बाहेरचं ऑइल मी नुसतं बोटावर घेऊन ओळखतो," म्हणत त्यांनी बिलाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मग आज ओळखा," बाई म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. आवाजात तोच गोडवा होता.

गाडीची वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं माना उंचावून पाहू लागली. बेलसऱ्यांनी पहिल्या बाटलीतला थेंब चिमटीत चोळला आणि तोंड वाकडं केलं. "पाण्यासारखं पातळ. यानंच तुमचं इंजिन गेलं." दुसरा थेंब चोळताना मात्र चेहरा खुलला. "हे आमचं! काय दाटपणा, काय चकाकी!"

"पहिलं सकाळी तुमच्याच काउंटरवरून घेतलंय," बाई म्हणाल्या. "ही पावती."

कोणीतरी फिसकन हसलं. बेलसऱ्यांनी घाईघाईनं वॉरंटीचा अर्ज पुढे ओढला, इंजिन फुकट दुरुस्त करून द्यायचं लिहून सही ठोकली आणि मग न राहवून विचारलं, "आणि दुसरं कुठल्या कंपनीचं हो?"

"एरंडेल आहे," शैलजाबाई कागदाची घडी घालत म्हणाल्या. "झोपताना दोन चमचे घ्या. पोट साफ होईल."